मरळ श्वास घ्यायला वर येते तेव्हा

उन्हाळ्यात आमच्या गोदाकाठच्या बंधाऱ्यात गुडघाभर पाणी उरतं, तेही हिरवं आणि कोमट. रोहू-कटला अशा पाण्यात तोंड वर काढून तडफडतात, मरळ मात्र निवांत असते. मामांनी लहानपणीच सांगितलेलं, "पाण्याकडं नको बघू रे, बुडबुड्याकडं बघ." पाणकणसाच्या बुडाशी एक चपटं, सापासारखं डोकं हळूच वर येतं, बारीक 'टप्' आवाज होतो, दोन बुडबुडे फुटतात आणि परत सगळं शांत. गळ टाकणाऱ्याला तेवढंच बस आहे.

ती वर येते कारण तिला यावंच लागतं. मरळीचे कल्ले लहान असतात, नुसत्या त्यांच्यावर तिचं भागत नाही, म्हणून कल्ल्यांच्या वरच्या बाजूला डोक्यात एक पोकळी असते, तिच्या आतल्या पातळ कातडीत रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं आणि तोंडाने घेतलेल्या हवेतला ऑक्सिजन तिथूनच रक्तात जातो. जाळ्यात अडकून पाण्याखालीच राहिली, वर यायला जमलंच नाही, तर मरळ चक्क बुडून मरते. मासा बुडून मरतो हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पटलंच नव्हतं.

पण ह्याच सवयीवर ती आपल्या मराठवाड्यात तगलीय. डबकं आटलं की चिखलात शिरते, अंग ओलं राहिलं तर बरेच दिवस काढते, आणि पावसाच्या रात्री ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात पण जाते. बाजारात मरळ घमेल्यात जिवंत दिसते ती पण ह्याच्यामुळंच.

शिकार ती पाठलाग करून करत नाही, गवतात दबा धरून बसते. बेडूक, छोटे मासे, किडे, समोर आलं की झडप. म्हणून आता पोरं रबरी बेडकाचं लूर, म्हणजे खोटं आमिष, शेवाळावरून टुणटुण ओढतात. पाणी फुटल्यासारखा आवाज होतो आणि हात आपोआप रॉड झटकतो, तिथंच चुकतं. सेकंद-दोन सेकंद थांबायचं, तिला तोंड नीट मिटू द्यायचं, मग ओढायचं.

पावसाळ्यात मात्र गोष्ट वेगळी. नर-मादी गवत बाजूला सारून जागा करतात, पिवळसर अंडी तिथं तरंगत राहतात, दिवस-दोन दिवसांत पिल्लं निघतात आणि आईबाप राखणीला खालीच थांबतात. मागच्या श्रावणात मी काठावर उकिडवा बसून बघितलं, ताटाएवढ्या जागेत पाणी उकळल्यासारखं दिसत होतं, आत शेकडो नारिंगी पिल्लं, सगळी एकदम वर यायची, एकदम खाली जायची. त्या घोळक्यावर लूर टाकला तर मरळ हमखास धरते, पण ती भुकेनं नाही, पिल्लांना वाचवायला धरते, आणि ती गेली की दुसरे मासे पिल्लं खाऊन टाकतात. मामा गळाचा तंगूस दोरा गुंडाळत एवढंच म्हणले, "चल, पलीकडच्या डोहाला जाऊ."