रंगभूषेचे कार्ड : बायकांना ५९ वर्षे बंद असलेले दार

चित्रपटसृष्टीत बायकांचा वाटा किती, असा विषय निघाला की दिग्दर्शिका मोजल्या जातात. मुंबईत मात्र खरी अडवणूक होती ती युनियनच्या कार्डापाशी, म्हणजे सेटवर काम करायला लागणाऱ्या संघटनेच्या सदस्यत्वाच्या कार्डापाशी.

१९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात राणीसुद्धा पुरुषच झाला होता, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी एक मायलेकींची जोडी पडद्यावर आली आणि पडद्यावरचा प्रश्न हळूहळू सुटत गेला. पडद्यामागचा तसाच राहिला. १९५५ मध्ये रंगभूषा आणि केशभूषा करणाऱ्यांची संघटना उभी राहिली. तिथे बायकांना केशभूषेचे कार्ड मिळे, रंगभूषेचे नाही. नायिकेचे केस बाईने बांधायचे, पण तिच्या गालाला ब्रश लावायचा तो मेकअपदादानेच! कार्ड नसताना काम करायचे तर व्हॅनिटी व्हॅनचे दार लावून, तपासणीला कोणी येत नाही ना याची धास्ती घेऊन.

परदेशात रीतसर शिकून आलेल्या एका रंगभूषाकार महिलेला २००९ मध्ये संघटनेने २६,५०० रुपये दंड ठोठावला. पुढे काही जणींनी मिळून थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. बायका आल्या तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल, अशी संघटनेची बाजू होती. रोजावर जगणाऱ्यांची ही भीती खोटी म्हणता येणार नाही, पण तिच्यापायी दुसऱ्याची भाकरी कशी काढून घ्यायची? हे २०१४ साल आहे, १९३५ नव्हे, अशा शब्दांत न्यायालयाने सुनावणीत फटकारले आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी बायकांना रंगभूषेचे कार्ड नाकारणारे संघटनेच्या नियमांतले कलम रद्द केले. कामगार संघटनांच्या १९२६ च्या कायद्यात सदस्यत्वासाठी वयाची अट होती, बाई-पुरुष असा भेद नव्हता, हा त्यातला कळीचा मुद्दा.

त्याच निकालात आणखी एक अट गेली : सदस्य व्हायला महाराष्ट्रात पाच वर्षांचे वास्तव्य हवे, ही. एरवी भूमिपुत्रांच्या प्रश्नावर रान उठवणाऱ्या आपल्याकडे या अर्ध्या निकालाची फारशी चर्चा झाली नाही, याचे नवल वाटते.

कार्डाचा प्रश्न सुटला तरी सेटवरची सुरक्षितता हा वेगळा प्रश्न होता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा, पण चित्रीकरणाचे युनिट हेही कामाचे ठिकाण असून तिथे तक्रार समिती हवी, असे केरळच्या उच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या अडचणी तपासायला तिथल्या सरकारने २०१७ मध्ये नेमलेल्या समितीने २०१९ च्या अखेरीस अहवाल दिला. त्यात छळाच्या तक्रारींबरोबरच सेटवर बायकांना स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला जागा नसल्याचीही नोंद होती. तो लोकांपुढे आला ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही काही मजकूर गाळून.