रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंय: पहिल्या भेटीआधी हे वाचा

आमच्या वेदना-उपचार क्लिनिकला फोन करणारे बरेच जण अपॉइंटमेंट घेण्याआधी एकच गोष्ट विचारतात: "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग तुम्ही तरी काय सांगणार?" खरी धास्ती वेगळी असते. इथेही "मनाचे खेळ आहेत" असंच ऐकावं लागेल का, ही.

नाही. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं म्हणजे जुनाट वेदना. दुसऱ्या कुठल्या आजाराने ज्याचा उलगडा होत नाही, अशा जुनाट वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या यादीत, 'क्रॉनिक प्रायमरी पेन' म्हणून स्वतःची जागा आहे. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे त्या तपासणीत जे दिसू शकतं ते तिथे नाही, एवढाच अर्थ. एमआरआयवर हाडं, मणक्यांमधल्या चकत्या, नसांवरचा दाब दिसतो. किती दुखतं ते दिसत नाही. उलटंही होतं: पाठ अजिबात दुखत नाही अशा विशीतल्या लोकांतही सुमारे ३० टक्के जणांच्या एमआरआयवर फुगलेली चकती सापडते. तळपाय जळत असतील आणि नर्व्ह कंडक्शन टेस्ट चांगली आली असेल, तरी प्रश्न मिटत नाही. ती टेस्ट जाड मज्जातंतूंची असते, जळजळ बारीक तंतूंची असू शकते. म्हणून आम्ही पहिल्याच भेटीत नवा एमआरआय लिहून देत नाही. त्याबद्दल काही जण नाराज होतात, पण आधीच्या फिल्म नीट पाहिल्या आणि अंगाला हात लावून तपासलं, तर पुढची तपासणी नेमकी कोणती करायची ते ठरतं.

सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो

गोळ्या लपवण्यात. "कधीतरी एखादी घेतो" असं पहिल्या भेटीत सांगितलं जातं आणि रोजच्या तीन गोळ्या पुढे कधीतरी उघड होतात. कारण लाज, डॉक्टर 'गोळ्यांची सवय लागलेला माणूस' समजतील ही भीती. तोवर आमचा अंदाज चुकीच्या पायावर उभा असतो आणि उपचार पुन्हा पहिल्यापासून आखावा लागतो.

डोकेदुखीचंच घ्या. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा मिश्र औषधांची गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. हे माहीत नसताना आम्ही आणखी एक गोळी वाढवली, तर दुखणं वाढेल. पॅरासिटामॉलची प्रौढांसाठी २४ तासांतली कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. वजन कमी असेल, यकृताचा त्रास किंवा दारूची सवय असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच औषध असतं, आणि ते मोजायचं राहून जातं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन रोज चालू असेल तर आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि रक्तदाब पाहावा लागतो. ट्रामाडॉल (एक तीव्र वेदनाशामक) चालू असेल तर ते सांगाच. त्यावर आम्ही ड्युलॉक्सेटिन (जुनाट वेदनेवरही दिलं जाणारं औषध) सुरू केलं, तर दोन्ही मिळून धोका होऊ शकतो.

बंद केलेली औषधंही लिहा: नाव, किती मिलिग्रॅम, किती दिवस, का थांबवलं. "अमिट्रिप्टिलिनने (जुनाट वेदनेवरचं आणखी एक औषध) फरक पडला नाही" असं सांगणाऱ्याने ते पाचच दिवस घेतलेलं असेल, तर ते औषध फसलं असं म्हणता येत नाही. त्याला काही आठवडे द्यावे लागतात. कापलेल्या पट्टीवर नाव अर्धंच उरतं, म्हणून नाव असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा आणि सोबत आणा.

आणखी एक कळकळीची विनंती. दुखणं डॉक्टरांना 'दिसावं' म्हणून भेटीआधी चालू औषध बंद करू नका. प्रीगाबॅलिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) किंवा ड्युलॉक्सेटिन एकदम सोडलं तर घाम, चक्कर, बेचैनी सुरू होते आणि मूळ त्रास त्यात झाकला जातो.

चौदा दिवसांची नोंद

'सगळं अंग दुखतं' यावरून आम्हाला फार काही ठरवता येत नाही. भेटीआधीचे चौदा दिवस रोज लिहिलेली अशी ओळ मात्र खूप उपयोगी पडते: "सकाळी ७, उजवी मांडी, ४. अर्धा तास उभं राहिल्यावर ७. बसल्यावर २० मिनिटांनी ५. पॅरासिटामॉल ५०० एक, दीड तासाने ३." आकडा शून्य ते दहा. दिवसातून तीन-चार वेळा, एवढंच. दहापैकी बारा लिहू नका, आणि आपण रडवे वाटू म्हणून सातचे चारही करू नका. बरं वाटलेले दिवस तर नक्की लिहा. ते लिहिले तर आपल्याला खोटं ठरवतील असं वाटून लोक ते वगळतात, पण बऱ्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकली आणि पुढचे दोन दिवस उठवेना, ही साखळी त्यातूनच सापडते. ती सापडली की कामाचे तुकडे कसे पाडायचे, ते आमचे फिजिओथेरपिस्ट बसून आखून देतात.

झोप आणि मनःस्थितीचे प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारतो, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनाही. झोप मोडली की वेदना सहन करण्याची ताकद कमी होते, हे त्यामागचं कारण. अमिट्रिप्टिलिनच्या माहितीत 'नैराश्य' हा शब्द वाचून कुणी दुखावतं. नैराश्यासाठी ते बहुधा ७५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लागतं. वेदनेसाठी आम्ही रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतो, कारण मज्जारज्जूतून वर जाणारे वेदनेचे संदेश ते मंद करतं.

घरचं माणूस सोबत आणा, पण दहा मिनिटं आम्ही तुमच्याशी एकट्याने बोलू. काही गोष्टी घरच्यांसमोर बोलता येत नाहीत.

लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि बैठकीच्या भागात बधिरपणा, हातापायात अचानक अशक्तपणा, पाठदुखीसोबत ताप, छातीत दुखणं किंवा अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी असेल, तर आमच्या तारखेची वाट पाहू नका. थेट इमर्जन्सी विभाग गाठा. कारण नसताना वजन उतरत असेल तर फोनवरच सांगा, तारीख अलीकडची देऊ.

पहिली भेट ४५ मिनिटांची असते. अर्ज काउंटरवर मिळतो. त्यातला औषधांचा रकाना सगळ्यात आधी भरा. फाइल दोन दिवस आधी पोहोचवलीत तर डॉक्टर ती वाचूनच बसतात, आणि ती ४५ मिनिटं पूर्णपणे तुमच्या बोलण्याला मिळतात.