सूर्यफुलाचं रान आणि गरम हवेचा फुगा : दोन्हींची वेळ सकाळचीच

सूर्यफुलं बघायला संध्याकाळी गेलेले पुष्कळ जण हिरमुसून परततात. ऊन पश्चिमेला कललेलं, आपण पश्चिमेच्या बांधावर उभे, आणि समोर नुसत्या फुलांच्या हिरव्या पाठी. ‘सूर्यफूल सूर्याकडे बघतं’ हे अर्धंच खरं आहे. सूर्यामागे फिरते ती कळी. उमललेलं फूल दिवसभर पूर्वेकडेच तोंड करून असतं.

कोवळ्या रोपाच्या खोडाची पूर्वेकडची बाजू दिवसा जास्त वाढते, म्हणून शेंडा पश्चिमेला झुकतो. रात्री पश्चिमेकडची बाजू वाढते आणि उजाडायच्या आधीच शेंडा पुन्हा पूर्वेला वळलेला असतो. अंधारात ऊन नसतानाही हे घडतं, कारण रोपाला स्वतःचं अंतर्गत घड्याळ आहे. फूल उमलू लागलं की खोडाची वाढ थांबते आणि फिरणंही थांबतं.

पूर्वच का, याचं उत्तर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दिलं. त्यांनी काही कुंड्या वळवून फुलं पश्चिमेकडे केली. पूर्वेकडची फुलं सकाळी लवकर तापली आणि त्यांच्यावर सुमारे पाचपट मधमाश्या आल्या. पश्चिमेकडच्या फुलांना हीटरने ऊब दिल्यावर तिथेही माश्या वाढल्या. माशीला हवी असते ती सकाळची ऊब.

आपल्याकडे याचा थेट संबंध पिकाच्या उताऱ्याशी येतो. सूर्यफुलाचे परागकण जड आणि चिकट असतात, वाऱ्यावर फारसे जात नाहीत. माश्या कमी पडल्या की फुलाच्या मधल्या भागात पोचट बी राहतं. म्हणून फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक फवारू नये. मारावंच लागलं तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी. माश्या नसतीलच तर सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान मऊ मलमलचं कापड हाताला गुंडाळून एकेका फुलावरून हलकेच फिरवतात, एक दिवसाआड. कष्टाचं काम आहे, पण दाणा भरतो.

बेळगाव जिल्ह्यात अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्ती आणि पुढे विजापूरच्या बाजूला या पिकाची काळी रानं आहेत. खानापूरकडे जांभा आणि जंगल, तिकडे हे पीक शोधत जाऊ नये. उन्हाळी सूर्यफूल विहीर, बोअर किंवा पाटाच्या पाण्यावरच येतं. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरलेलं पीक साधारण साठ दिवसांत फुलतं, म्हणजे पाडव्याच्या आगेमागे. एक फूल बाहेरून आत, रोज एक ते चार वेढे, असं पाच ते दहा दिवस उमलत राहतं. त्यामुळे आठवडाभर उशीर झाला तरी रान उतरलेलं दिसतं.

जवळून बघाल तर ते एक फूल नसतं, हजार-दोन हजार बारीक फुलांचा मेळा असतो. कडेच्या पिवळ्या पाकळ्या वांझ, फक्त माश्यांना बोलावण्यासाठी. मधली फुलं वळसे घेत बसलेली असतात. एका दिशेचे वळसे मोजले तर बहुधा ३४, उलट दिशेचे ५५. मुलांना खडू द्या आणि गळून पडलेल्या जून फुलावर मोजायला लावा, उभ्या पिकात नको. सरीत शिरलं की खोड मोडतं. शेतकऱ्याला विचारून पूर्वेच्या बांधावर, सूर्य पाठीशी घेऊन थांबावं.

आता फुगा. त्यालाही हीच सकाळ लागते, कारण मात्र वेगळं. फुगा आतल्या उष्णतेने उडतो असं म्हणतात, पण खरा हिशेब आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या फरकाचा असतो. २५०० घनमीटरचा फुगा घ्या आणि आतली हवा १०० अंशांवर धरा. बेळगावसारख्या साधारण ७५० मीटर उंचीवर पहाटे २० अंशांच्या हवेत तो सुमारे ५९० किलो उचलतो. कापड, वेताची टोपली, बर्नर आणि प्रोपेन गॅसचे भरलेले सिलिंडर मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास जातात, म्हणजे चालक आणि दोघे-तिघे निघतात. दुपारी बाहेर ३५ अंश झाले की उचल ४५५ किलोंवर येते. मग टोपलीत एकटा चालकच मावतो. आग वाढवून हे भरून काढता येत नाही, कारण जास्त तापलं की नायलॉनचं कापड लवकर निकामी होतं.

वजनाहून मोठी अडचण वर चढणाऱ्या हवेची. उन्हं वर आली की नांगरलेली काळी रानं भराभर तापतात, शेजारचा ओला ऊस थंडच राहतो. तापलेल्या रानावरून हवेचे झोत उठतात. रस्त्याकडेला दिसणारी वावटळ हे त्याचंच लहान रूप. अशा झोतात सापडलेला फुगा चालकाच्या हाताबाहेर वर ओढला जातो, मग खाली आपटतो. रात्रभर थंड झालेल्या जमिनीवरची हवा मात्र उजाडताना स्थिर असते, म्हणून सूर्योदयाला उडून दोन-अडीच तासांत उतरावं. इतर ठिकाणी सूर्यास्ताआधीही उडतात, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये त्याच वेळेला वळीव येतो. त्या आधीचा वारा फुग्याला जीवघेणा. जमिनीवर ताशी १५ किलोमीटरहून जास्त वारा असेल तर फुगा भरायलाच घेऊ नये.

भरताना आधी पंख्याने थंड हवा भरतात, आडवा फुगा पोट धरू लागला की बर्नरची ज्योत तोंडातून सरळ आत देतात. घाईत ज्योत तिरकी गेली की तोंडाचं कापड जळतं, म्हणून तिथे आगीला टिकणारं वेगळं कापड शिवलेलं असतं. उडाल्यावर सुकाणू नसतं. वेगवेगळ्या उंचीवर वाऱ्याची दिशा वेगळी असते, त्यातली हवी ती शोधायची, आणि उतरताना माथ्यावरची झडप दोरीने उघडून हवा सोडायची. सर्वांत मोठा धोका विजेच्या तारांचा. उतरायला पडीक रान बरं, उभा ऊस किंवा सूर्यफूल नाही.

वारा पश्चिमेचा असेल तर फुगा सूर्यफुलाच्या रानावर मागच्या बाजूने येतो. खाली सगळं हिरवं दिसतं. रान ओलांडून पुढे गेल्यावर टोपलीतून मागे वळून बघावं, तेव्हा ते पिवळं दिसतं.