घरी गाडीचं ऑइल बदलणं आणि ‘ट्वेंटी डब्ल्यू फोर्टी’चा घोळ: थोडी पार्श्वभूमी

आमच्या पेठेतली जुनी माणसं म्हणतात, आम्ही सगळं घरीच करायचो, गॅरेज कोण बघितलंय. अर्धं खरंय. त्या काळात घरात जी गाडी असायची ती स्कूटर, नाहीतर लुना नाहीतर एम-८०, म्हणजे टू-स्ट्रोक, आणि टू-स्ट्रोकमध्ये बदलायला इंजिन ऑइल नसतंयच की. पेट्रोलमध्ये टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल मिसळायचं, ते पेट्रोलबरोबर जळायचं आणि निळ्या धुरातून मागच्या माणसाच्या तोंडावर जायचं, संपला विषय. स्कूटरच्या गिअरबॉक्सचं तेल तेवढं वेगळं. त्यामुळं ‘ऑइल बदलायचं’ हे वाक्य सामान्य घरात आलं ते फोर-स्ट्रोकबरोबर. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, १९८५ ला सीडी १००, १९९४ ला स्प्लेंडर, आणि स्प्लेंडरनंतर मात्र प्रत्येक गल्लीत सतराचा पाना आणि जुनी घमेली दिसायला लागली.

सोलापुरात हे लवकर रुळलं त्याला मिल आणि यंत्रमाग हेही कारण आहे असं मला वाटतंय. १८७० च्या दशकात इथं पहिली सूतगिरणी उभी राहिली, मग मिलवर मिल, मग घरोघरी माग. ज्या घरातला माणूस रोज तेलाची कुप्पी घेऊन मागाभोवती फिरतो त्याला वंगण म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. माझे काका अक्कलकोट रोडला कारखान्यात होते, ते डिपस्टिकवरचं तेल बघायचे नाहीत, अंगठा आणि बोटात घेऊन चोळायचे आणि सांगायचे, ‘पाणी झालंय ह्याचं, काढ.’

आता खरा वाद, डब्यावरच्या नंबरचा.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न, ‘जाड देऊ का पातळ?’ आणि जाड म्हणजे २०डब्ल्यू-४०, पातळ म्हणजे बाकी सगळं. ह्यातल्या डब्ल्यूला निम्मे लोक ‘वेट’ समजतात, म्हणजे वजन. तसं नाही, डब्ल्यू म्हणजे विंटर. अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअर लोकांच्या संघटनेनं १९११ ला तेलाच्या दाटपणाला नंबर द्यायला सुरुवात केली, नंतर थंड प्रदेशातल्या गाड्या सकाळी स्टार्ट होईनात म्हणून थंडीचे वेगळे डब्ल्यूवाले नंबर जोडले. आज २०डब्ल्यू म्हणजे ते तेल उणे १५ डिग्रीला इंजिन फिरू देतंय का ह्याची टेस्ट, ०डब्ल्यूची तीच टेस्ट उणे ३५ ला. सोलापुरात गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसात पहाटे कडाक्याची थंडी म्हणजे दहा-बारा डिग्री, त्याला आपण कानटोपी घालतो. त्यामुळं पहिल्या नंबरवरून आपल्याकडं गाडी अडून बसली असं होत नाही, फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला पातळ तेल वरपर्यंत लवकर पोचतं एवढा फायदा.

दुसरा नंबर, म्हणजे २०डब्ल्यू-४० मधला ४०, मात्र कामाचा. तो १०० डिग्रीला मोजतात. दुसरा नंबर २० असलेल्या तेलाचं दाटपणाचं माप तिथं ६.९ ते ९.३ च्या मध्ये, ४० चं १२.५ ते १६.३ च्या मध्ये, म्हणजे गरम इंजिनात ४० नंबर जवळपास पावणेदोन पट दाट. इथंच आपल्या लोकांचं म्हणणं येतं, की मे महिन्यात ४४ डिग्रीला सात रस्ता चौकात सिग्नलला उभं राहून बघा, मग सांगा पातळ तेल घाला म्हणून. ऐकायला पटतंय. पण कारमध्ये थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा फॅन मिळून कूलंट नव्वदच्या आसपास धरून ठेवतात, बाहेर तीस असो का चव्वेचाळीस. बाहेरच्या हवेचा फरक आतल्या तेलापर्यंत पोचता पोचता बराच कमी होतो. आणि नव्या इंजिनात ऑइल पंप, बेअरिंगमधली फट, व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा हे सगळं पातळ तेल धरूनच बसवलेलं असतंय.

जाड तेलवाले खुळे होते असं मात्र नाही. पद्मिनी, ॲम्बेसेडरच्या काळात पुस्तकातच हवामानाप्रमाणं तेलाचा तक्ता यायचा, गरम प्रदेशाला जाड नंबर. इंजिनं ढिली, तेल खाणारी, तिथं जाड तेलानंच आवाज कमी व्हायचा. शिवाय स्प्लेंडरसारखी गाडी एअर-कूल्ड, तिला रेडिएटरच नाही, तिथं उन्हाचं म्हणणं थोडं खरं आहे, तरी कंपनीनं तिलाही १०डब्ल्यू-३० वर आणलंच. दुसरीकडं हेही खरं की कार पातळ तेलावर गेल्या त्यात २०१७-१८ पासून लागू झालेल्या इंधन खपाच्या नियमांचा हात आहे, पातळ तेलानं मायलेज थोडं वाढतं. म्हणून लोकांना संशय येतो की कंपनीनं आपलं बघितलं, इंजिनाचं नाही. माझं मत सांगायचं तर वॉरंटीतल्या गाडीत पुस्तकात छापलंय तेच घाला, आणि वीस वर्षांची ऑम्नी तेल पीत असेल तर तिला २०डब्ल्यू-५० पाजा, कुणी विचारत नाही.

नंबर एवढंच बघून चालत नाही हे मी स्वतः शिकलोय. वॅगन-आरचं तेल बदलून अर्धा लिटरच्या वर उरलं होतं, वाया कशाला म्हणून स्प्लेंडरमध्ये ओतलं, वर थोडं जुनं भरलं. चार दिवसांनी रेल्वे पुलाच्या चढावर इंजिन घोंघावतंय आणि गाडी पुढं जात नाही, मागं बसलेली बायको म्हणते उतरू का. बाइकमध्ये क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि कारच्या तेलात घसरणं वाढवणारी जी औषधं असतात ती क्लचला चालत नाहीत. ह्याच भानगडीवर जपानमध्ये १९९८ ला टू-व्हीलरच्या तेलाचं वेगळं मार्किंग निघालं, डब्यावर मागं बारीक अक्षरात एमए लिहिलेलं असतं. क्लच प्लेटा बदलल्या, उरलेल्या तेलाचे पैसे वाचले म्हणायचे.

मधल्या काळात घरचं काम कमीच झालं. पहिल्या तीन फ्री सर्व्हिस, त्यात मजुरी फुकट पण तेलाचे पैसे लागतात हे बिल बघेपर्यंत कळत नाही, आणि वॉरंटीसाठी सर्व्हिस बुकातल्या शिक्क्याची भीती. कारला पूर्वी पाच हजार किलोमीटरला बदलायचं ते दहा हजार किंवा वर्षावर गेलं, त्यामुळं हातही बसला नाही. मग २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गॅरेज बंद, फिल्टर घरपोच मिळायला लागले, आणि पुन्हा लोक गाडीखाली शिरले. काही जण नुसत्या जॅकवर शिरले, ते वाचले हे त्यांचं नशीब, खाली घोडी, म्हणजे जॅक स्टँड लावल्याशिवाय जायचं नसतं. माझ्या गाडीच्या चेंबरचे, म्हणजे इंजिनाखाली तेल साठतं त्या भांड्याचे आटे मात्र माझ्या हातून गेले नाहीत, एका गॅरेजातल्या पोरानं पान्याला पाइप लावून बोल्ट आवळला होता, तांब्याचा वायसर न बदलता. गळती थांबवायची म्हणून. पुढच्या वेळी मी बोल्ट सोडवला तर आटे बोल्टाला चिकटूनच बाहेर आले.

राहिलं जळकं ऑइल. पूर्वी त्याचा प्रश्नच नव्हता, गाडीवाल्यांकडून मागून न्यायचे, सेंट्रिंगच्या फळ्यांना, वाळवी लागलेल्या दाराला, बैलगाडीच्या आसाला. कागदावर ते घातक कचऱ्यात मोडतंय, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्यांवरच वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकलीय. पण घरात तीन लिटर काढणाऱ्या माणसाकडं न्यायला कुणी येत नाही. मी जुन्याच डब्यात भरून, झाकण लावून, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकच्या ड्रममध्ये ओतून येतो, तो ड्रम भरला की टेम्पोवाला लिटरच्या भावानं घेऊन जातो. सध्या दोन डबे जिन्याखाली आहेत, ड्रम भरलाय म्हणून मेकॅनिकनं परत पाठवलं.