पाळीवर बसून बोला, पण पाय आपटू नका

"हळू बोल, मासे पळतील." भंडारा-गोंदियाकडच्या कुठल्याही मोठ्या तलावाच्या पाळीवर गरी टाकून बसलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. नवेगावबांधला सहलीला आलेल्या पोरांनाही यावरून दम मिळतो. ही समजूत बहुतांशी चुकीची आहे, आणि ती का चुकीची, हे कळलं तर माशाच्या कानापर्यंत जाता येतं.

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १४८० मीटर. हे शाळेत शिकवतात. हवेतून पाण्यात शिरताना त्याचं काय होतं, ते मात्र राहून जातं. हवा विरळ, सहज दबणारी. पाणी जड, जवळजवळ न दबणारं. हवेची थरथर त्याला फारशी हलवूच शकत नाही. अगदी सरळ वरून आवाज पडला तरी त्याच्या ऊर्जेचा जेमतेम हजारावा भाग आत जातो. आणि उभ्या रेषेपासून साधारण १३ अंशांहून जास्त तिरपा पडला, तर जवळपास सगळाच परत फिरतो. पाळीवरच्या गप्पा पाण्यावरून आडव्याच जातात. म्हणून खुशाल बोला.

पाय आपटणं वेगळं. तिथे मध्ये हवा येतच नाही. धप्प पडलेलं पाऊल, दगडावर आदळलेली बादली, डोंग्याच्या लाकडावर पडलेलं वल्हं, यांची कंपनं ओल्या मातीतून किंवा लाकडातून थेट पाण्यात उतरतात. आपले ढिवर बांधव पाणी काठीने बडवून मासे जाळ्याकडे हाकतात, ते याच जोरावर.

आता कान. माशाचं शरीर बहुतांशी पाणीच, त्यामुळे पाण्यातला आवाज त्याच्या अंगातून आरपार जातो. मग ऐकू कसं येतं? माशाच्या आतल्या कानात चुन्याचे बारीक खडे असतात. आवाजाने सगळं शरीर थरथरतं, पण हे जड खडे मागे रेंगाळतात आणि त्यांच्याखालच्या पेशींचे केस वाकतात. एवढ्यावर ठोकळ, खर्जातले आवाज कळतात. रोहू, कटला, मृगळ यांच्याकडे मात्र याहून भारी व्यवस्था आहे. त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवर आवाजाचा दाब आला की ती आकुंचन-प्रसरण पावते. पाठीच्या कण्याच्या पुढच्या मणक्यांपासून घडलेली लहान हाडांची साखळी ही हालचाल उचलते आणि आतल्या कानाशी जोडलेल्या द्रवाला देते. म्हणजे हवेची पिशवी हा या माशांचा कानाचा पडदाच. ही हाडं जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी १८२० साली वर्णन केली आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जातात. मांगूर आणि शिंगीकडेही ती आहेत. मरळ आणि तिलापियाकडे नाहीत. एकाच तलावात, एकाच पाण्यात, दोन तऱ्हेचे कान! मला हे फार विलक्षण वाटतं.

मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२३ साली मांगूरच्या दूरच्या नात्यातला, दृष्टी नसलेला एक मासा शिट्टीवर खायला यायला शिकवला. शिट्टी हवेतली होती, मग ती कशी ऐकू गेली? भांडं छोटं, अंतर कमी आणि कान तिखट असला की तो हजारावा भागही पुरतो. त्यामुळे डोंग्यात बसून थेट खाली तोंड करून ओरडणं मात्र टाळावं.

मासे बोलावणारे आवाज काढणारी ॲप मोबाइलवर मिळतात. फोन काठावर ठेवून ती वाजवली तर वरचा सगळा अडथळा त्यांनाही लागू आहे. गळाला मंत्र फुंकून देणाऱ्याला पैसे देण्यात तर काहीच अर्थ नाही. त्या पैशांत गांडुळं किंवा चांगली कणीक घ्यावी. जागा निवडताना मोटारबोट लागते तो धक्का टाळावा, कारण तिच्या इंजिनाची थरथर सांगाड्यातून पाण्यात उतरते आणि पंखा तर थेट पाण्यातच गरगरतो, आणि तो आवाज रोहूला तुमच्या गप्पांपेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकू जातो.