म्हातारा कारवान आणि 'खच्ची' या शब्दाची भीती

लातूरकडच्या एका शेतकऱ्याचा नऊ वर्षांचा कारवान जातीचा कुत्रा दोन महिने शौचाला बसला की कुंथत राहायचा. शी चपटी, फितीसारखी. लघवीच्या जागेतून अधूनमधून रक्ताचे थेंब. डॉक्टर म्हणाले प्रोस्टेट वाढलंय, आणि अंड काढायला सांगितलं, तर मालक म्हणाले, "खच्ची केलं की कुत्रं संपलंच की ओ." शेजाऱ्याचा सल्ला वेगळा: एकदा मादी दाखवा, मोकळा होईल.

मादी दाखवून हे बरं होत नाही. प्रोस्टेट ही काही वापराविना तुंबणारी पिशवी नव्हे. ती मूत्राशयाखाली असलेली, संप्रेरकावर (हॉर्मोनवर) वाढणारी नराची ग्रंथी आहे, आणि ती कशी वाढते हे फार सुंदर आहे.

अंडांत तयार झालेलं टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक रक्तातून प्रोस्टेटच्या पेशीत शिरतं. तिथे '5-अल्फा रिडक्टेज' नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करतं, म्हणजे डीएचटी. पेशीतल्या ग्राहीला (रिसेप्टरला) हे डीएचटी मूळ टेस्टोस्टेरॉनपेक्षा घट्ट चिकटतं आणि लवकर सुटत नाही. ही जोडी केंद्रकात जाऊन डीएनएवर बसते आणि वाढीची जनुकं चालू करते. वय वाढतं तसं टेस्टोस्टेरॉन उतरतं, पण त्या मानाने इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक, जे नरातही थोडं असतं, टिकून राहतं, आणि इस्ट्रोजेनमुळे ग्राहींची संख्या वाढते. म्हणून संप्रेरक कमी झालं तरी ग्रंथी फुगतच राहते. पुरुषांमध्ये ती आतल्या बाजूला फुगून मूत्रमार्ग आवळते. कुत्र्यात बाहेरच्या बाजूला फुगते आणि वरच्या गुदाशयावर दाबते. म्हणून आजोबांना लघवीचा त्रास आणि कारवानला शौचाचा. सतत कुंथून पुढे गुदद्वाराशेजारी हर्नियाही होऊ शकतो.

अंड काढले की डीएचटीचा पुरवठाच आटतो. पेशींना जगण्याचा निरोप मिळेनासा होतो आणि त्या शिस्तीत स्वतःला संपवतात. काही आठवड्यांत ग्रंथी निम्म्याच्या आसपास येते. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी 1940 च्या सुमारास म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हेच पाहिलं, मग ते माणसाच्या प्रोस्टेट कर्करोगाकडे वळले आणि 1966 साली त्यांना नोबेल मिळालं. आज त्या आजारावर जे संप्रेरक रोखणारे उपचार होतात, त्यांच्या मुळाशी हे कुत्रे आहेत.

इथे 'नसबंदी' हा शब्द घोटाळा करतो. नुसती नस बांधली तर पिल्लं होणार नाहीत, पण अंड जागेवरच राहतात, टेस्टोस्टेरॉनही येतच राहतं आणि प्रोस्टेट तसूभरही लहान होत नाही. इथे अंडच काढावे लागतात.

खच्ची केल्याने सगळे आजार टळतात, असं सांगणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नये. कुत्र्याच्या प्रोस्टेट कर्करोगापासून त्याने संरक्षण मिळत नाही. अंडातली गाठ मात्र अंडाबरोबरच जाते.

आणि धाव? सशामागे पळण्यासाठीच या जातीची पैदास झाली. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, तरी तिचं मोठं हृदय, लांब पाय आणि लवचीक कणा तसाच आहे, आणि यातलं काहीही अंडांबरोबर जात नाही. चरबी मात्र लवकर चढते, म्हणून खुराक थोडा कमी करायचा आणि फिरवणं चालू ठेवायचं.

ऑपरेशनआधी रक्ततपासणी करून घ्या आणि कुत्रा कारवान आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अंगावर चरबी नसलेल्या ग्रेहाऊंडमध्ये थायोपेंटोन हे भुलीचं औषध फार हळू उतरतं, कारण त्यांचं यकृतही हे औषध सावकाश मोडतं. कारवानचा बांधा तसाच आहे. भूल त्या हिशेबाने निवडायला हवी.