रन : एक इंग्रजी क्रियापद आणि बेळगावचा वाचक

रन : पळणे हा मूळ अर्थ असलेले इंग्रजी क्रियापद, जर्मनमधले ‘रेनेन’ त्याच्या भावकीतले. ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाच्या १९८९ मधील दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. तिसऱ्या आवृत्तीच्या कामात हा मान ‘रन’कडे गेला आणि २०११ मध्ये या क्रियापदाच्या अर्थांचा आकडा ६४५ असा सांगितला गेला. एवढे अर्थ पाठ करण्याची गरज सहसा पडत नाही. कर्ता कोण आणि कर्म काय, हे कळले की अर्थ बहुधा उलगडतो.

नियतकालिकाची पाने उलटताना हे चांगले दिसते. क्रीडेच्या पानावर खेळाडू पळतो, उद्योगाच्या पानावर मालक कारखाना चालवतो, सिनेमाच्या पानावर चित्रपट काही आठवडे टिकतो. आरोग्याच्या सदरात बाळाला ताप असतो, सर्दीने नाक वाहते आणि मधुमेह एखाद्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. तिन्ही ठिकाणी ‘रन’च. कापडाच्या बाबतीत त्याचा अर्थ रंग जाणे. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकर वस्तीत या अर्थाची चर्चा रोजची, फक्त इंग्रजीतून नव्हे.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातला मराठी वाचक इंग्रजीकडे येतो तेव्हा बहुधा मराठीबरोबर कन्नडही त्याच्या कानात असते. त्यामुळे इंग्रजीचे हे सततचे पळणे त्याला जरा घाईचे वाटावे. इंग्रजी दुकान किंवा संस्था पळवते. मराठी ती ‘चालवते’. कन्नडमधले ‘नडेसु’ही ‘नडे’ म्हणजे चालणे यावरून आलेले. गाडीपाशी मात्र दोघींची फारकत होते. मराठी गाडीही चालवते, तर कन्नडमधले ‘ओडिसु’ हे ‘ओडु’ म्हणजे पळणे यापासून झालेले, म्हणजे कन्नडमध्ये गाडी पळवायचीच असते. इथे कन्नड इंग्रजीच्या जवळ आणि मराठी एकटी.

राजकारणाच्या पानावर गोष्ट आणखी मजेची होते. अमेरिकी साप्ताहिकात उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटिश साप्ताहिकात तो ‘स्टँड’ करतो. बेळगावकडे विचाराल तर “यंदा कोण उभारलंय?” असाच प्रश्न येईल, ‘उभे राहणे’ला इकडच्या बोलीत ‘उभारणे’ म्हणतात. शेजारचा कन्नडभाषक ‘चुनावणेगे निंतारे’ म्हणतो, तेही उभे राहणेच. म्हणजे इथला मतदार या बाबतीत ब्रिटिशांच्या पंगतीचा. छापील मराठी मात्र निवडणूक ‘लढवते’. अमेरिकी मजकूर भाषांतरित करताना ‘अध्यक्षपदासाठी धावणार’ असे लिहिणे ही शुद्ध आळशी भाषा. ‘अध्यक्षपदाच्या शर्यतीत’ हा प्रयोग तेवढा मराठीत नीट रुजला आहे आणि त्यात ते पळणेही शिल्लक आहे.

बँकेच्या संदर्भात हाच शब्द नाम म्हणून भीतीदायक ठरतो : ठेवीदारांनी एकाच वेळी पैसे काढायला केलेली झुंबड. पतसंस्थांचे जाळे असलेल्या या भागात तो समजावून सांगायला फार वेळ लागत नाही.

बोलीत खुद्द हा शब्द दोन वाटांनी आला आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे आणि सैन्यभरतीच्या चाचणीत १.६ किलोमीटर पळावे लागते. तयारी करणारी पोरे पहाटे ‘रनिंग’ला जातात, घरी उशीर झाला म्हणून पळणे ते वेगळे, त्याला कोणी रनिंग म्हणत नाही. दुसरी वाट संगणकाची. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रोग्रॅम ‘रन करतात’ किंवा तो ‘रन होत नाही’ म्हणून वैतागतात. कन्नड बोलणारा त्यांचा वर्गमित्र ‘रन माडु’ म्हणतो. इथे चालवणे, नडेसु, ओडिसु यांपैकी एकही कामाला आले नाही; दोन्ही भाषांनी इंग्रजी धातू जसाच्या तसा घेऊन त्याला आपापले ‘करणे’ जोडून दिले.